अंगठ्यापुरता गिलावा

ती घरातली थोरली. वडील गेल्यावर धाकट्याचं शिक्षण, त्याचं लग्न, घराचं गळकं छप्पर, सगळं हिच्याच नोकरीवर निभावलं. चाळिशी समोर दिसू लागली तेव्हा कुठं तिनं चित्रशाळेत नाव घातलं. "म्हातारपणी बाराखडी!" धाकटा म्हणाला, पण हसून म्हणाला. वर्गातली पोरं तिला काकू म्हणत आणि हक्कानं तिच्या डब्यात हात घालत.

शेवटच्या वर्षी आईचं डावं अंग गेलं. जीभ तेवढी शाबूत राहिली, उलट तिला धारच आली. धाकटा आता हसला नाही. "दिवसा आम्ही बघू, रात्री तू. पण हे एवढं वर्षच. यंदा पास झालीस तर ठीक, नाहीतर रंगांची पेटी माळ्यावर टाक आणि आईजवळ बस."

त्या वर्षाला तिनं भित्तिचित्र घेतलं होतं. चित्रशाळेच्या मागच्या बोळातली एक भिंत तिच्या वाट्याला आली. जुन्या चित्रकारांची रीत अशी, की चुना-वाळूचा गिलावा द्यायचा आणि तो ओला आहे तोवरच नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावायचा. वाळता वाळता गिलावा रंग पोटात घेतो, मग तो जन्मात जात नाही. वाळल्यावर लावलेला रंग मात्र बोटाला पुसून येतो. म्हणून दिवसभरात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा द्यायचा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. थोरलीचं अंथरूण रोज पायांपेक्षा मोठं. चित्र आईचंच होतं, खुर्चीत बसलेली, दोन्ही हात मांडीवर. रात्रभर आईची कूस बदल, पाणी पाज, यात डोळ्याला डोळा लागायचा नाही. आणि सकाळी कालची कसर भरून काढायची म्हणून ती हातभर जास्तच गिलावा थापायची. दुपारी मान खाली पडायची. जाग येईपर्यंत कडा वाळलेल्या. मग छिन्नी घेऊन सगळं पाडायचं. चुन्यानं बोटांना भेगा पडल्या. आई त्या भेगा बघून म्हणायची, "रंगवायला शिकतेस की पाडायला? दोन्हीची मजुरी वेगळी असते बाई!"

एका दुपारी भिंतीसमोर उभं राहवेना, म्हणून ती ग्रंथालयात जाऊन बसली. जुन्या भिंतचित्रांचं जाडजूड पुस्तक उघडलं. बघायचं असं काही नव्हतं मनात. पण डोळा चित्रावरून घसरून सांध्यांवर गेला. एका दिवसाचा गिलावा दुसऱ्या दिवसाच्या गिलाव्याला भेटतो तिथं बारीक रेघ राहते. एवढं मोठं आकाश एका दिवसाचं. अख्खा घोडा एका दिवसाचा. आणि खाली कोपऱ्यात तळहाताएवढा तुकडा, त्यात फक्त एक पाऊल.

तिनं पुस्तक सरांपुढे धरलं. सर वयानं तिच्याहून लहान, तिला ताई म्हणत.

"सर, या दिवशी एवढंच का केलं असेल त्यानं?"

"काय सांगावं ताई! पाऊल अवघड असेल. नाहीतर ताप असेल अंगात. घरी कोणी आजारी असेल."

"आणि तरी आला कामाला."

"आला म्हणून तर पाऊल आहे," सर म्हणाले आणि पुस्तक परत देऊन चहाला गेले.

दुसऱ्या दिवशी आईला उलट्या झाल्या. थोरली भिंतीपाशी पोचली ती दुपार कलल्यावर. तिनं थापी भरून गिलावा घेतला, थोडा थांबून अर्ध्याहून जास्त घमेल्यात परत टाकला, आणि आईच्या निकामी हाताचा नुसता अंगठा रंगवला. तेवढाच. त्या रात्री देवापुढे हात जोडले, पण मागणं आठवेना. देवही माणसाला दिवस एकेकच देतो. आपणच उद्याचा दिवसही आजच थापायला जातो.

मग पाडापाडी थांबली. कधी पदराचा काठ, कधी नुसती कानाची पाळी. परीक्षक आले तेव्हा खुर्चीचा एक पाय कोराच होता. एकानं सांध्यांवरून बोट फिरवलं. "बरीच ठिगळं झालीत." मग ओलं बोट आईच्या गालावर घासलं आणि उजेडात धरून पाहिलं. बोट स्वच्छ, रंगाचा डाग नाही. थोरली पास झाली, काठावरच.

धाकट्यानं आईला चाकाच्या खुर्चीतून बोळात आणलं. आईनं आधी नाक मुरडलं. "एवढी जाडी कधी होते मी?" मग एकेक तुकडा म्हणजे एकेक दिवस, हे थोरलीकडून ऐकून खुर्चीत पुढे वाकली. उजव्या हातानं अंगठ्याभोवतीची रेघ दाखवत म्हणाली, "हा उलट्यांचा दिवस ना? घरी आलीस तेव्हा तुझ्या हाताला जरासाच चुना होता."

"हो."

"आणि हे कानाचं? धाकटा गावाला गेला होता तेव्हाचं?"

"हो गं."

"म्हणजे बारके तुकडे सगळे माझ्यापायी." आईनं खांद्याकडचा रुंद, सलग भाग बघितला. "हा एवढा मोठा कधीचा?"

"आदल्या रात्री तू गाढ झोपली होतीस, त्या दिवशीचा."

 पदर सारखा करून आईनं धाकट्याला खुर्ची वळवायला सांगितली. "चला घरी. आज हिला लवकर झोपू द्या. रात्री मला तू बघ."

धाकट्यानं थोरलीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, डोळे मिटून.