ट्रक आला, सुई उचला

आमच्या मामांइतका भित्रा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही. आता हा माणूस वायरमन! उभी नोकरी खांबावर चढून जिवंत तारांशी खेळण्यात गेली, तेव्हा कधी घाम फुटला नाही. पण कपाटातली गाण्याची रेकॉर्ड बाहेर काढायची म्हटलं की घाबरगुंडी उडायची. उन्हानं वाकेल, उंदीर कुरतडेल, पाहुणा मागेल, आणि सगळ्यात मोठी धास्ती म्हणजे वाजवली तर झिजेल. म्हणून प्रत्येक रेकॉर्ड वर्षातून एकदाच लागायची. हैदराबादहून आणलेली एक कव्वाली तर कधी वाजलीच नव्हती. "ती चांगल्या दिवशी," म्हणायचे. लेकीचं लग्न झालं, नातू झाला, तरी मामांचा चांगला दिवस काही उजाडेना.

त्यात घर नळदुर्गला, हायवेला चिकटून. जड ट्रक गेला की फळीवरची भांडी खणखणायची आणि सुई उडी मारायची. यावर मामांनी काढलेला उपाय म्हणजे मामी. तिनं उंबऱ्यात बसून रस्त्यावर नजर ठेवायची आणि "आलाऽ!" म्हणून ओरडायचं, मामांनी सुई उचलायची. ट्रक गेला की पुन्हा टेकवायची. तीन मिनिटांचं भारूड ऐकायला अर्धा तास लागायचा, आणि तेवढा वेळ आमचा सगळ्यांचा जीव मुठीत. मामी म्हणायची, "ह्यांची गानी म्या कवा ऐकलीच न्हाईत बघ. निस्ते ट्रक बघितले."

मुरुम गावचे एक आडते मामांचे जुने दोस्त. दर दिवाळीला आपली रेकॉर्डची पेटी घेऊन यायचे आणि मग नाट्यपदं कुणाकडं जास्त, कन्नड भजनं कुणाची सरस, यावर दोघं हमरीतुमरीवर यायचे. आडत्यांच्या लावण्या रोज वाजून पार खरखरायच्या.

"भजी तळल्यावानी आवाज येतोय तुमच्या लावनीला," मामा म्हणायचे.

"येऊ द्या की! वाजवायलाच घेतल्यात."

यंदा मामांनी कन्नड भजन लावलं आणि दोस्तासमोर ऐटीत डोळे मिटून डोलायला लागले. मामी ओरडली, "आलाऽ!" मामा डोलतच होते. "अहो, आला की!" घर हादरलं. नळदुर्गच्या माणसाला हादऱ्याची सवयच, त्याचं काय! सुई कर्रकन घसरली, एकाच शब्दावर अडकली, तरी मामा मांडीवर ताल देतच राहिले. आडत्यांनी मान खाली घातली.

मामांनी डोळे उघडले, आमचे चेहरे बघितले आणि आपलं बिंग फुटल्याचं त्यांना कळलं.

मामीनं जवळ जाऊन कानाशी विचारलं, "कवाधरनं ऐकू येईना?"

"दोन वर्सं झाली. तुझ्या तोंडाकडं बघून सुई उचलत होतो." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "डाव्या कानानं थोडं येतंय अजून. ते बी जायला लागलंय. लई भ्या वाटतंय रे."

खांबावर न भ्यालेला माणूस हे बोलत होता. मीही भ्यालो होतो.

मामा उठले. कपाटातून कव्वाली काढली, लावली, आवाज होता तेवढा मोठा केला आणि डावा कान स्पीकरला टेकवला. मामी उंबऱ्यात गेली नाही. त्यांच्याशेजारी बसली. मधे दोन ट्रक गेले, सुई उडाली, कुणी उचलली नाही.

रेकॉर्ड संपली. मामांनी मामीला विचारलं, "कशी होती गं?"

इतक्या वर्षांत त्यांनी तिला हे पहिल्यांदाच विचारलं. मामीनं डोळ्यांना पदर लावला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"परत लावा. मग सांगते."