दोन तुटक, एक लांब

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, आधीच सांगतो. भूत माझ्यासाठी चिठ्ठी ठेवून गेलं तरी मला वाचता यायची नाही... शाळेत दोन वर्षं गेलो, दोन्ही पहिलीतच. हे मी बोलतोय, टाइप पोरगी करतेय.

धरणगावजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी शिपाई. ऑफिसात इंटरकॉम बसला, त्याच्यावर आकडे उमटायचे. मला काय कळतंय — पहिल्याच दिवशी शेठचा फोन उचलून म्हटलं, "जेवतोय, नंतर कर." मग मेकॅनिकच्या मागे लागून वेगवेगळ्या रिंगा लावून घेतल्या. बाहेरचा फोन दोन-दोनदा, आतला एकेकदा, आणि कापसाच्या गाड्या तोलायच्या काट्यावरचा, म्हणजे दगडूनानांचा, दोन तुटक, एक लांब. मुनीमजी चष्मा शोधेपर्यंत फोन कोणाचा ते मी सांगून मोकळा.

मागच्या कापसाच्या सीझनची गोष्ट. काट्यावरचा फोन बिघडला. मेकॅनिक वायर सोडवून गेला, आणि तो फोन माझ्या टेबलावर येऊन पडला. दुपारची जेवणाची सुट्टी, मशिनी बंद. शेठनी बजावलेलं — व्यापाऱ्याचा फोन येणार, जागचा हललास तर उद्यापासून येऊ नको.

आणि ऑफिसचा फोन वाजला... दोन तुटक, एक लांब.

उचलला तर आत कोणीच नाही. मी म्हटलं, काट्यावरून दगडूनाना दिसतात. मुनीमजी डब्यातून मान वर न काढता म्हणाले, "काट्याचा फोन तुझ्यापुढे पडलाय, बहाद्दर. आता कानही गेले का?"

खरंच की. मुकाट्यानं ठेवला... तर पुन्हा तीच रिंग. मग नोकरी गेली खड्ड्यात म्हणत काट्याकडे पळालो. दारात धडपडलो ते वेगळं.

केबिनमध्ये नाना नव्हते. काट्याखालच्या खड्ड्यात वाकून बघितलं तर खाली पडलेले. गाळ काढायला उतरताना शिडी सरकली, डोकं गर्डरवर आपटलं. रक्त वाहतंय, तोंडातून आवाज नाही. हमालांना बोलावून वर काढलं, जळगावला नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर...

चार दिवसांनी नाना बोलले. पहिलं मलाच विचारलं, "तुले कोनी सांगं रे भाऊ?"

म्हटलं, नाना, फोन तर तुमचाच होता.

"मन्हा त हातबी हालत नव्हता."

मेकॅनिक म्हणतो ती रिंग वाजूच शकत नाही. पण मुनीमजींनीही ऐकली, बाहेर जेवत बसलेल्या हमालांनीही. फक्त ती काट्याची आहे हे अख्ख्या जिनिंगमध्ये एकट्या मला कळलं. त्या दुपारी मी नसताना व्यापाऱ्याचा फोन येऊन गेला होता. शेठ रागावले नाहीत, उलट सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं मला चहा दिला. मी तो शर्टावर सांडला, पण छाती काढूनच उभा होतो.

ज्याला खोटं वाटतं त्यानं धरणगावला यावं. रिंग कशी वाजली ते मला आजही सांगता येत नाही... काट्यावर बसलेले नाना दाखवतो.