वाळूतल्या राज्याचा राष्ट्रपती

एकाहत्तरची लढाई थांबली तवा आमचं सेक्शन बॉर्डरच्या पलीकडं एका वस्तीवर व्हतं. हाय तिथंच बसा, असा हुकूम आला. आमी बसलो. ते बसणं जवळजवळ वरीसभर चाललं.

वस्ती म्हंजे मातीची सात-आठ घरं, एक गोड्या पाण्याची हीर आन बाकी सगळी वाळू. तिथली माणसं लढाईच्या आदीच त्येंच्या हद्दीत आत पळाल्याली. आमी धा जण. कंपनी हेडक्वार्टर मागं, उंटानं अर्ध्या दिवसाच्या वाटंवर. रेशन आठवड्यातनं एकदा. वायरलेस सकाळी आन सांजच्याला. आमी म्हणायचं, "ऑल ओके, ओव्हर." तिकडनं यायचं, "ऑल ओके, आऊट." भाईरच्या जगाशी आमचं बोलणं एवढंच.

मी शिपाई बंडू. गाव माधवनगरच्या जवळ. शाळंत मास्तरांनी पयल्याच वर्षी माझ्यापुढं हात जोडलं. मग बानं मिलमदी चिकटवलं. तिथं दुसऱ्या दिवशी मागात माझ्याच सदऱ्याची बाही अडकली आन सगळं खातं बंद पडलं. मग भरतीला गेलो. सायबांनी छाती मोजली. डोस्कं मोजायची पद्धत न्हवती म्हणून मिल्ट्रीत आलो.

सेक्शन कमांडर नाईक ज्ञानू पिसाळ. कराडजवळ मलकापूर, तिथनं थोडं आत त्येचं गाव. अंगानं किरकोळ, बोलणं त्याहून किरकोळ. पर पायोनियर प्लाटूनमदी कोर्स केल्याला. सुरुंग काढाय-लावायचं काम त्येला येत व्हतं.

एक दिवस दुपारी बंकरात पडलो व्हतो. लान्सनाईक तुका म्हणाला, "ही जागा नक्की कुणाची रं? त्येंची व्हती, ते पळालं. आपली म्हणावी तर आज ना उद्या परत द्याची."

"मग तवर आपल्या धा जणांची," मी म्हणालो.

"म्हंजे येगळा देश?"

"व्हय की. राष्ट्रपती तेवढा नेमाय पायजे."

तिथंच निवडणूक झाली. दुसरं कुणी हुबं राहिना म्हणून मी पयला राष्ट्रपती झालो. त्याच दिवशी सैपाकाची पाळी माझी. मी रिकाम्या डब्यावर हुबा राहून भाषण ठोकत बसलो आन इकडं डाळ करपून कोळसा झाली. जेवणाच्या येळंला माझं सरकार पडलं. दुसरा राष्ट्रपती ज्ञानू. त्यो न्हाई न्हाई म्हणत व्हता, पर कुणी ऐकलं न्हाई. भाषण कर म्हणालो, तर म्हणाला, "राष्ट्रपती म्हणा न्हाईतर काय बी म्हणा. सेंट्रीची पाळी कुणी चुकवायची न्हाई." बसला खाली. झालं भाषण.

आमच्या देशाला विरोधी पक्षबी व्हता. समोर त्येंच्या हद्दीत एक काटेरी झाड. त्याखाली रोज सकाळी एक म्हातारा येऊन बसायचा. दुर्बिणीतनं बघितलं तर डोक्याला मळकं मुंडासं, हातात काठी. दिवसभर इकडं बघत बसायचा. आमच्याकडं न्हाई. हिरीजवळच्या एका तुकड्याकडं.

ज्ञानू म्हणाला, "त्येचंच रान हाय त्ये."

"कशावरनं?"

"दुसऱ्याच्या रानाकडं माणूस असा बघत न्हाई."

दिवस जाता जात न्हवतं. वारं सुटलं की चार-चार दिवस वाळूशिवाय काय दिसायचं न्हाई. माणसं शेजारी बसून मुकी व्हायची. रेशनच्या उंटाबर टपाल यायचं, तवा सगळी गडबड. माझं टपाल कवाच यायचं न्हाई. आई लहानपणीच गेली, बा लिवणाऱ्यातला न्हाई. मी जोक करायचो, "मला पत्र आलं तरी वाचणार कोण, म्हणून सरकार पाठवतच न्हाई." ज्ञानूनं ते ध्यानात ठेवलं. पुढच्या टपालाला त्येनं स्वताचंच जुनं पाकीट काढलं आन मोठ्यानं वाचाय लागला. "चिरंजीव बंडूस आशीर्वाद. तुझी म्हस याली. रेडकू झालं. दूध लय हाय, प्यायला तू न्हाईस." आमच्या घरात म्हस कवाच न्हवती. तवापासनं दर टपालाला माझी म्हस यायची. मी कोपऱ्यात तोंड करून ऐकायचो.

त्या साली आपल्याकडं पाऊस न्हवता. बहात्तरचा दुष्काळ, तुमी सगळ्यांनी सोसलाय. ज्ञानू रजेवर जाऊन आला तो पिशवीत शाळूचं बी घेऊन. म्हणाला, "तिकडं जमिनीत ओलच न्हाई. पेरून मुंग्यास्नी घालायचं, त्यापरास हितं हीर हाय."

म्हाताऱ्याचा तो तुकडा आमी साफ केला. दोन गुंठं भरंल न भरंल. आमची रानं तुमाला ठावं हायत. पाऊल टाकलं की दगूड. पेरायच्या आदी दगूड येचून बांधावर टाकायचं, ह्ये हाताला शिकवाय लागत न्हाई. तिथं तीन दगूड घावलं. पयला ज्ञानूनं उचलला. दुसरा तुकानं. सगळ्यांत मोठा मी डोक्यावर घेतला आन वरडलो, "बघा गड्याहो, बंडूची ताकद!" नीट बांधावर मांडून ठेवलं. वाळूत दगूड आलाच कुठनं, ह्यो इचार धा जणांतल्या एकाच्याबी मनात आला न्हाई.

बादलीनं पाणी घातलं. राखण केली. मी खुरपाय बसलो तर गवत म्हणून शाळूच उपटला. ज्ञानूनं खुरपं काढून घेतलं आन मला पाखरं हाकलाय लावलं. पीक गुडघ्याला लागलं तवा म्हातारा झाडाखाली हुबा राहाय लागला. कणीस निसवलं त्या दिवशी त्येनं हात वर केला. ज्ञानूनंबी केला.

"राष्ट्रपतींची विरोधी पक्षाशी बोलणी चालू झाली," मी म्हणालो.

"गप रं," ज्ञानू म्हणाला. पर त्या दिवसापासनं त्यो रोज सकाळी हात करायचा.

मग हुकूम आला. जागा परत द्याची. त्याआदी इंजिनिअर पार्टी आली. लढाईच्या वक्ताला आपल्याच लोकांनी वस्तीपुढं सुरुंग पेरलं व्हतं, ते काढाय. तार लावल्याली, पर वरसाच्या वाऱ्यात ती वाळूत गडप झाल्याली. त्येंचा हवालदार पंजाबी. नकाशा घेऊन इकडं तिकडं फिरला आन म्हणाला, "यहाँ तीन पत्थर थे. निशानी के. किसने उठाए?"

सगळ्यांनी बांधाकडं बघितलं. त्येनंबी बघितलं. नकाशाची घडी घातली. मग म्हणाला, "तुम लोग फौज में आए हो कि खेती करने?"

त्या दगडांपासनं झाडाच्या दिशेला मापं धरून सुरुंग हुडकायचं व्हतं. माप गेलं. बाकीचं घावलं, दोन घावलं न्हाईत. पार्टीला दुसऱ्या पोस्टवर जायाचं व्हतं. त्येंनी पांढरी टेप बांधली, धोक्याची पाटी ठोकली, रिपोर्ट लिवला आन गेले.

ज्ञानू त्या पाटीपुढं हुबा राहिला. मला म्हणाला, "म्हाताऱ्याला वाचाय येत असंल का?"

"मला येत न्हाई, त्येला कुठनं?"

"तू ही पाटी बघून काय करशील?"

"टेकून बिडी वडीन."

कुणी हसलं न्हाई. ज्ञानू म्हणाला, "त्यो त्या झाडाकडनं येणार. वाट हीच. कणीस भरलंय. टेप असू दे न्हाईतर भिंत, त्यो सरळ पिकात शिरणार. मी असतो तर शिरलो असतो."

"मग कापून टाकू," तुका म्हणाला. "हुरडा करू. पीकच न्हाई तर येतंय कशाला?"

"रान त्येचं हाय. मोकळं असलं तरी येणार."

सांजच्याला त्येनं वायरलेसचा सेट घेतला.

"इंजिनिअर पार्टी परत पायजे, ओव्हर."

"पार्टी मिळणार नाही. टेप लावलीय का? ओव्हर."

"लावलीय. पर माणूस थांबणार न्हाई. मी पायोनियर कोर्स केलाय. मी बघतो, ओव्हर."

तिकडनं आलं, "सांभाळून करा. आऊट."

सकाळी त्यो पोटावर झोपला आन संगिनीनं वाळू टोचत टोचत पिकाकडनं झाडाच्या दिशेला सरकाय लागला. आमाला घराच्या भिंतीमागं बसवलं. मी म्हणालो, "मी येतो बरोबर."

"तुला डावं-उजवं कळत न्हाई. परेडला बाकीचं वळलं की बघून वळतोस. बस तिथंच."

खरं व्हतं. मी बसलो.

ऊन वर आलं तवा पयला घावला. त्येनं त्यो काढला, निकामी केला, बाजूला ठेवला. पुढं सरकला. तिकडं म्हातारा झाडाखाली हुबा. आज त्येनं हात केला न्हाई. नुसता बघत व्हता.

ज्ञानूनं पाणी पिलं. मान वळवून वरडला, "बंडू, म्हशीचं काय झालं रं?"

"याली!"

"परत? गेल्या म्हैन्यात याली व्हती की!"

"आमच्याकडं अशीच येत्यात!"

त्यो हसला. ते मला दिसलं. मग परत टोचाय लागला.

आवाज लय मोठा न्हवता. वाळू उडाली आन खाली बसली. आमी पळत गेलो. त्येनं साफ केलेल्या वाटंनंच पळालो, म्हणून धडकं पोचलो. ज्ञानू जागीच गेला व्हता.

तुकानं सेट घेतला. चालू करून माझ्या हातात दिला. तिकडनं सायब इचारत व्हतं, "ऑल ओके? ओव्हर." मी म्हणालो, "न्हाई सायब." ओव्हर म्हणायचं राहूनच गेलं.

त्येनं साफ केलेल्या वाटंच्या दोन्ही अंगाला आमी टेप वडली. दोन राहिलं व्हतं, दोन्ही निघालं. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचं अफसर आलं, कागदावर सह्या झाल्या, आमी मागं निघालो. टेकडावर पोचल्यावर मी दुर्बीण लावली. म्हातारा झाडाकडनं निघाला व्हता. पायताण काढून हातात घेतल्यालं. टेपांच्या मधनं, इकडं न्हाई का तिकडं न्हाई, सरळ चालत आला. वाळू काळी पडली व्हती तिथं थांबला. खाली बसला. मग उठून पिकात शिरला. कणसं त्येच्या खांद्याला लागत व्हती.

पलटणीच्या कागदावर अपघात असं लिवलं. लढाई संपल्याली व्हती, दुसरं काय लिवणार.

त्याच बाजूचा म्हणून ज्ञानूची ट्रंक घेऊन मला धाडलं. कराडला गाडीतनं उतरलो. त्येच्या घराला कुलूप. त्येच्या बायकोचं इचारलं तर शेजारची म्हातारी म्हणाली, "पारू खडीवर गेली." गावाभाईर रस्त्याचं दुष्काळी काम चाललं व्हतं. उनात दोन-तीनशे माणसं खडी फोडत बसल्याली. मी ट्रंक डोक्यावर घेऊन तसाच गेलो.

वैनी एका ढिगापाशी एकटीच बसली व्हती. कपाळ रिकामं. तार आदीच पोचली व्हती. माझा ड्रेस आन ट्रंक बघून तिनं वळखलं. ज्ञानूनं रजेत माझं सांगितलं असणार.

"तुमीच व्हय बंडूभावजी?"

"व्हय."

"बसा."

मी ट्रंकवर बसलो. जन्मात पयल्यांदा माझ्याकडं जोक न्हवता. म्हणून जे झालं ते सगळं सांगितलं. शाळूचं, दगडांचं, पाटीचं, म्हाताऱ्याचं. तिनं हातोडी खाली ठेवली न्हवती. ऐकत व्हती.

"त्या म्हाताऱ्याला काय झालं न्हाई न्हवं?"

"न्हाई. चालत गेला रानात."

"पाय?"

"दोन्ही जाग्यावर."

"मग बरं झालं," ती म्हणाली आन हातोडी मारली.

मला बसवंना. शेजारणीची हातोडी मागून घेतली आन मीबी बसलो. मुकादम लांबनं वरडला, "ओ मिल्ट्री, खडी अशी फोडत्यात व्हय? बंदूक न्हवं ती!" त्येच्याकडं बघाय गेलो आन घाव अंगठ्यावर बसला. मी अंगठा तोंडात घालून गरकन फिरलो. वैनी हसली. हसता हसता पदर तोंडाला लावला आन तशीच खाली मान घालून बसली.

मी तिच्याकडं पाठ केली. दिवस मावळंपतोर तिचा ढीग मी फोडला.