आर्विडभावोजींचा तराजू

आर्विडभावोजी म्हणजे यांचे धाकटे भाऊ. आमच्याच तळघरात राहतात. लग्न केलं नाही, विचारलं तर म्हणतात, "अजून ठरत नाहीये." वय बासष्ट. माणूस सरळ, देवाला धरून असणारा, ताटातल्या पदार्थाला कधी नाव न ठेवणारा. पण वस्तू निवडायची म्हटली की संपलं. बूट घ्यायला गेले की एका पायात एक आणि दुसऱ्यात भलताच घालून दुकानभर हिंडतात आणि जुनेच घालून घरी येतात.

यंदा त्यांना मुसाच्या शिकारीचा परवाना लागला. आमच्या मोंटानात तो सोडतीने मिळतो, आणि भावोजी मिसरूड फुटल्यापासून अर्ज करत होते. मूस म्हणजे घोड्याहून उंच हरीण, शिंगं फावड्यासारखी. एक मिळाला तर दोन घरांचा हिवाळा निघतो. मुदत नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत. ती चुकली तर या जन्मी पुन्हा नाव निघेल, असं कोणालाच वाटत नव्हतं.

काडतुसं दुकानात मिळतात. पण भावोजींच्या लेखी ते चर्चच्या सहभोजनाला विकतचा केक नेण्यासारखं. उडवून झालेल्या पितळी पुंगळ्या जपून ठेवायच्या, त्यांत बंदुकीची दारू मोजून घालायची, वर नवी गोळी बसवायची, हे इथे घरोघरी चालतं. भावोजींचं घोडं अडलं ते दारू मोजायची कशाने, यावर.

घरात मामंजींचे चमचे होते, पुंगळी कापून तिला तारेचा दांडा डाग देऊन जोडलेले.

"चमचा भर आणि मोकळा हो," हे म्हणाले. "बाबांनी त्याच्यावरच आपल्याला पोसलं."

"बाबांचा हात बाबांबरोबर गेला, दादा."

मग दांडी ओढली की माप पडणारं यंत्र आणलं. ते हळू ओढलं तर एक माप पाडी, झटक्याने ओढलं तर दुसरं. ते गेलं कपाटात. मग पितळी तराजू आला, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला विजेचा काटा. दोघांचं एकदाही जमलं नाही.

तराजू तर इतका हळवा, की मी वर स्वयंपाकघरात वळले तरी खाली त्याला कळायचं.

"वहिनी! फ्रीज उघडलात?"

"दूध काढलं हो."

"हलला की इथे!"

वारा नको म्हणून त्यांनी हीटर बंद केला. हे कोट आणि कानटोपी घालून जेवायला बसले. "मूस राहू दे," म्हणाले, "आधी आपलीच शिकार होतेय."

शेवटी भावोजींनी दोन्ही काट्यांची परीक्षा घेतली. कागदाचा कपटा तोलायचा, त्यावर नाव लिहून पुन्हा तोलायचा. शाईचं वजन दिसलं पाहिजे. तराजूवर त्यांचं नाव दिसलं. विजेच्या काट्यावर काहीच नाही. मग कपटा घेऊन ते वर आले.

"वहिनी, तुम्ही लिहा बरं तुमचं."

मी लिहिलं, सोल्वेग मारिट टोलेफसन. विजेच्या काट्यावर लगेच आकडा उमटला.

"म्हणजे माझंच तेवढं शून्य," भावोजी म्हणाले.

"अहो, मी पेन दाबून लिहिते. आणि माझं नाव लांबही आहे."

पण त्यांच्या मनाला लागलं. त्या रात्री बटाट्याला हात लावला नाही. सकाळी काटा दुकानात परत गेला. मी देवाचे आभार मानले, कारण एक गोष्ट तरी ठरली होती: तराजू.

आता वाऱ्याचा प्रश्न. चर्चमधल्या वेदीची वस्त्रं आणि मेणबत्त्या मी पाहते. तिथे ज्योत हलत नाही, हे मला ठाऊक होतं. तराजू तिथे मांडू का, असं पास्टरबाईंना विचारलं.

"एकही मेणबत्ती पेटलेली नको," त्या म्हणाल्या. "आणि वेदीवर नाही म्हणजे नाही."

म्हणून तराजू बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाच्या झाकणावर मांडला. नेमका तेव्हा ऑर्गनचा सराव चालला होता. खालचा सूर लागला की तराजूची दांडी थरथरे.

"एडना, तेवढा एक सूर गाळता येईल का?" भावोजींनी विचारलं.

"सगळं स्तोत्र त्याच्यावरच उभं आहे, आर्विड!" एडनाबाई म्हणाल्या, पण हात मांडीवर घेऊन बसल्या. कॉफीला आलेली मंडळीही श्वास धरून बाकांवर बसली. इतकी शांतता आमच्याकडे प्रवचनालाही नसते. भावोजी चिमटीने एकेक कण टाकत होते. काडतुसं भरून झाली तेव्हा कोणीतरी "आमेन" म्हणालं.

यात सगळी मुदत सरली होती. उरला शेवटचा रविवार, तोही उपासनेनंतरचा. यांचा गुडघा दुखत होता, म्हणून गाडी मी चालवली. भावोजींचा परवाना ओढ्याच्या पश्चिमेचा. मी अलीकडे रस्त्यावर थांबले; ते ओढा ओलांडून गेले.

बसल्या बसल्या मी एवढंच मागितलं, की देवा, दिसू दे. आणि विलोच्या झुडपांतून मूस निघाला तो थेट भावोजींच्या पुढ्यात. हात लांबवला असता तर नाकाला लागला असता. त्यांनी बंदूक उचलली, तिच्यावरच्या दुर्बिणीला डोळा लावला, पुन्हा खाली केली.

"दुर्बिणीत नुसते केस दिसतायत!" ते कुजबुजले. तिथे इतकं शांत होतं की मला ऐकू आलं.

"मग केसांना मारा!"

"छे! इतक्या जवळून निम्मं मांस वाया जाईल. ही दूरच्या नेमाची काडतुसं आहेत."

आणि ते मागे सरकू लागले. मूसही पुढे येऊ लागला. भावोजी एक पाऊल मागे, मूस एक पाऊल पुढे. लग्नातल्या नाचासारखं चाललं होतं. भावोजी उलट्या पावलांनी ओढ्यात उतरले, गुडघाभर भिजले, काठावर चढले आणि पाठ गाडीला टेकली तेव्हा थांबले. मूस पाणी ओलांडून आला, जरा दूर आडवा उभा राहिला. अंतर अगदी हवं तसं.

"आता मारा, भावोजी!"

"कसा मारू? ओढ्याच्या अलीकडे आलाय तो. परवाना पलीकडचा."

"मग तुम्ही कशाला अलीकडे आलात?"

"अंतर घ्यायला."

मी टाळ्या वाजवल्या, भोंगा वाजवला. ढिम्म. मग मी खड्या आवाजात स्तोत्र म्हटलं. मूस गुडघे मोडून रस्त्याकडेला बसला.

"वहिनी, तुम्ही गोड गाता, तिथंच चुकतंय," भावोजी म्हणाले. मग त्यांनी गाऊन पाहिलं. त्याने कान हलवला, इतकंच.

आम्ही वाट पाहिली. सूर्य डोंगराआड गेला. उजेड गेला की बंदूक चालवायची नाही, हा कायदा. भावोजींनी घड्याळ पाहिलं, काडतुसं एकेक करून काढून खिशात ठेवली आणि ओले बूट काढून माझ्या शेजारी येऊन बसले. मला रडू येत होतं. ते मात्र काचेतून बघत होते.

"काय देखणा आहे हो," म्हणाले. "एरवी मी इतका वेळ बघितला नसता."

मी सँडविच सोडलं, अर्धं त्यांना दिलं. त्यांनी टोपी काढली. मी जेवणाची प्रार्थना म्हटली, आणि बाहेर मूस उठून विलोच्या फांद्या खाऊ लागला.