कोपऱ्यातल्या बाईचा उजवा हात

म्युझियममावशी कुणाचंही नाव विचारायच्या आधी त्याचा हात उचलून उलटा करायच्या. तळहात नव्हे, मागची बाजू. आमची पहिली भेट अमेरिकेत, एडिसनला मंडळाच्या गणपतीत झाली, भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये, जेवणाच्या रांगेत. मी नागपूरहून नुकतीच आले होते आणि हॉलमध्ये ओळखीचं असं कुणी नव्हतं. मागून एक ठेंगणी बाई आली. अंगावर सुती साडी, पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज. तिनं माझा मोकळा हात उचलला, मनगटाच्या वर अंगठ्यानं चोळलं आणि म्हणाली, "वा! काय सुरेख शीर आहे. पहिल्या टोचणीत मिळेल. नाव काय गं तुझं?" मी हात ओढून घेतला. पुढे उभे असलेले जोशीकाका वळून हसले. "घाबरू नकोस, इथे सगळ्यांच्या शिरा बघून झाल्यात त्यांच्या."

मावशी भूलतज्ज्ञ होत्या. मिरजेला शिकल्या, डॉक्टरांची पहिली फळी अमेरिकेला आली तिच्यात नवऱ्याबरोबर आल्या, आणि निवृत्त होईपर्यंत न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलात लोकांना झोपवत राहिल्या. "सर्जनला पोटं आठवतात, मला हात," असं त्या म्हणायच्या. तोंड माणूस आवरून-सावरून आणतो, हाताकडे कुणाचं लक्ष नसतं, तेव्हा खरं काय ते हाताला विचारावं, असं त्यांचं शास्त्र होतं. या शास्त्रापायी त्यांनी जोशीकाकांची बोटं बघून, काकूंच्या देखत, "अरे, सिगरेट सुटली नाही वाटतं अजून?" असं विचारलं होतं. काका पुढे बरेच दिवस मावशी दिसल्या की हात खिशात घालायचे. माझं नाव मी सांगितलं, पण त्यांनी ते कधी वापरलं नाही. शेवटपर्यंत मी 'ए नागपूर'च राहिले.

निवृत्तीनंतर त्यांच्या वयाची मंडळी देवळाच्या कमिटीवर गेली, क्रूझवर गेली. मावशींनी अर्ध्या तासावरच्या एका लहानशा म्युझियममध्ये गाइडचा बिल्ला घेतला. बिनपगारी काम. नवरा वारला होता, मुलगा तिकडे कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला. "घरात बसून मी कुणाचे हात बघू?" हा त्यांचा सवाल. आणि महिन्यातल्या एका रविवारी मंडळाच्या लोकांसाठी त्या मराठीत टूर द्यायला लागल्या. म्युझियममध्ये खोल्या पुष्कळ होत्या, पण मावशींची टूर एका चित्रासमोर सुरू व्हायची आणि तिथेच संपायची. कुणी म्हटलं, "मावशी, वरच्या मजल्यावर इजिप्तची ममी आहे म्हणतात," तर उत्तर मिळायचं, "ती कुठे जात नाही. उभी राहा."

ते चित्र अठराव्या शतकातल्या एका युरोपियन चित्रकारानं काढलेलं होतं. हा गृहस्थ एका इंग्रज साहेबाच्या पदरी कॅरिबियन बेटांवर गेला आणि तिथेच रमला. बेटांवर तेव्हा साखरेचे मळे होते, मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम मरेस्तोवर राबत होते, आणि हा काय काढत होता? बाजार, नाच, नदीवर धुणं धुणाऱ्या बायका. आमच्या चित्रात कापडाचा बाजार भरलेला होता. मधोमध उंच टोपी घातलेला गोरा मळेवाला, त्याच्यासमोर कापड उलगडून दाखवणाऱ्या सावळ्या बायका, डोक्याला चौकड्यांचे रुमाल, आकाश स्वच्छ निळं. बघताक्षणी वाटावं, चला, इथे सुट्टीला जाऊ.

मावशी आधी सगळ्यांना तसं वाटू द्यायच्या. "सुंदर आहे ना? कापड बघा. हे चौकडे मद्रासचे. आपल्याकडची माणसं मजुरीला तिकडे नेली त्याच्या कितीतरी आधी आपलं कापड तिथे पोचलं होतं." बायका पुढे सरकून कापड बघायच्या, कुणीतरी हटकून म्हणायचं, "अय्या, माझ्या आईची अशी साडी होती." मग मावशी आवाज खाली आणायच्या. "आता हात बघा. काम कोणाचे हात करतायत? रिकामे कोणाचे आहेत?" आणि लोकांच्या लक्षात यायचं की चित्रभर सगळ्यांच्या हातांत काही ना काही आहे, टोपली, गाठोडं, कापडाचं टोक. रिकामे दोन हात फक्त मळेवाल्याचे. "आणि यात ऊस दाखवा मला कुठे आहे ते. एक कांडं नाही! हा माझ्याच धंद्यातला माणूस. दुखतंय ते दिसू द्यायचं नाही. मी पेशंटला बरं वाटावं म्हणून भूल देत होते, यानं बघणाऱ्यांना दिली."

पण त्यांचा खरा जीव होता तो चित्राच्या उजव्या कोपऱ्यात. तिथे एक बाई जवळजवळ पाठमोरी उभी होती. डोक्यावर टोपली, डावा हात टोपलीला. उजवं कोपर बाहेर आलेलं आणि त्याच्यापुढे नुसता अंधार. कोपरापासून खालचा भाग तपकिरी काळोखात बुडालेला होता. चित्राखालच्या पाटीवर मळेवाल्याचा उल्लेख होता, विक्रेत्या बायकांचा होता, हिचा नव्हता. मावशी प्रत्येकाला विचारायच्या, "हिचा उजवा हात काय करतोय?"

"खाली लोंबत असेल हो," जोशीकाका म्हणाले होते. त्यांना ममी बघायची होती.

"लोंबणाऱ्या हाताचं कोपर असं बाहेर येत नाही, इंजिनिअरसाहेब. तिनं हात मागे नेलाय. काहीतरी लपवलंय."

"काय लपवलंय?"

"सुरी," मावशी ठामपणे म्हणाल्या. "मी असते तर सुरीच घेतली असती."

पुढे मावशींनी गाडी चालवणं सोडलं आणि रविवारी त्यांना न्यायचं काम माझ्याकडे आलं. वय झालं म्हणून सोडलं असेल असं मी धरून चालले होते. एकदा पार्किंगमध्ये गाडी लावल्यावर त्या उतरल्याच नाहीत. "ए नागपूर, एक सांगते. रडायचं बिडायचं नाही. माझ्या डोळ्यांचे पडदे चाललेत. जिकडे बघायला जावं तेच नेमकं पुसलं जातं, कडेकडेचं तेवढं दिसतं. इंजेक्शनं घेऊन झाली." मी गाडीची किल्ली काढून हातात धरून बसले. त्यांनीच हसून पुढे सांगितलं, "गंमत बघ. माझ्या त्या बाईला बघायचं तर आता मला मधल्या टोपीवाल्या साहेबाकडे बघावं लागतं. सरळ तिच्याकडे बघितलं की ती गायब!"

त्याच दिवशी म्युझियमच्या लिंडाने, म्हणजे गाइडांची व्यवस्था बघणाऱ्या बाईनं, बातमी दिली की चित्र सफाईला जाणार आहे. उजव्या कोपऱ्यातला तो काळोख मूळ चित्रकाराचा नाहीच. कुणीतरी जुन्या काळी डागडुजी करताना वरून रंग फासला होता, तो आता काढणार. मावशींनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. परतीच्या वाटेवर त्या एकदाच बोलल्या. "मला तो हात बघायचाय गं. बाकी सगळं बघून झालंय माझं. तेवढं डोळ्यांनी निभावून न्यावं." मी लिंडाला विचारलं, किती वेळ लागेल? ती म्हणाली, या कामाला घाई करता येत नाही. म्हणजे चित्र आणि डोळे यांची शर्यत लागली, आणि आमच्या हातात काहीच नव्हतं.

मधल्या काळात मंडळाची टूर ठरलेली होती. लिंडाचा फोन आला, भिंत रिकामी आहे, कॅन्सल करू या का? मावशींनी फोन माझ्या हातून घेतला आणि इंग्रजीत म्हणाल्या की मी उभ्या आयुष्यात भुलीची एकही केस कॅन्सल केलेली नाही. मग त्या रविवारी रिकाम्या भिंतीसमोर त्यांनी मंडळालाच चित्रात उभं केलं. "जोशी, तू मधे ये. टोपी घाल. खिशातले हात बाहेर काढ आणि काही करू नकोस. तुला जमेल." काकू खळखळून हसल्या. काकूंच्या हाती ओढणीचं टोक आलं, कुणाच्या डोक्यावर पर्स, कुणाच्या काखेत जॅकेटांचं गाठोडं. मावशी एकेकाचा हात चाचपून जागेवर बसवत होत्या. चेहरे त्यांना दिसत नव्हते, पण हातावरून माणूस ओळखत होत्या. "ही कुलकर्ण्यांची सून ना? कोपर वर घे." एका पोरानं विचारलं, "How long do we stand like this?" "They stood all their life," मावशी म्हणाल्या, आणि त्यानंतर कुणी हललं नाही. जोशीकाका मोकळे हात घेऊन मधे उभे होते. त्यांचं हसू हळूहळू मावळलं. "यार, फार ऑकवर्ड वाटतंय," ते पुटपुटले. "वाटू दे," मावशी म्हणाल्या. उजवा कोपरा मोकळा राहिला होता. तिथे त्या स्वतः जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, उजवा हात मागे लपवून. मुठीत माझ्या गाडीची किल्ली होती. सुरीच्या जागी.

चित्र परत आलं तेव्हा लिंडाने दारं उघडायच्या आधी आम्हाला बोलावलं. मावशींच्या हातात आता पांढरी काठी होती. त्या नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या, साहेबाकडे तोंड केलं, मान इकडे केली, तिकडे केली, पुढे झाल्या, मागे आल्या. बराच वेळ गेला. "निळं दिसतंय," त्या म्हणाल्या. "बाकी नाही गं." मी त्यांना एरवी कधी हरलेलं बघितलं नव्हतं. मी नाक ओढलं आणि त्या चित्रकाराचा, सफाई करणाऱ्यांचा, त्या डोळ्यांच्या डॉक्टरचा, सगळ्यांचा मला भयंकर राग आला.

"रडतेस काय? तू बघ ना! तुला डोळे कशाला दिलेत?" मावशींनी मला ढकललं. "सुरी आहे की नाही?"

मी कोपऱ्याकडे बघितलं. काळोख गेला होता. तिथे पिवळसर ऊन होतं, त्या बाईच्या स्कर्टच्या चुण्या होत्या, आणि तिचा हात स्पष्ट दिसत होता. मावशी इतकी वर्षं छातीठोकपणे जे सांगत आल्या होत्या ते साफ चुकीचं होतं. मग मी त्यांचा उजवा हात धरला, त्याची मूठ वळली आणि ती त्यांच्याच कमरेवर नेऊन टेकवली.

मावशी तशाच उभ्या राहिल्या. कोपर बाहेर. त्यांनी दुसऱ्या हातानं आपलं कोपर चाचपलं, मग कंबर. आणि मग त्या अशा हसल्या की लिंडा धावत आली. "कमरेवर! साहेबासमोर, बाजारात, डोक्यावर ओझं घेऊन, कमरेवर हात! आणि मी मूर्ख तिला सुरी देत बसले. तिला सुरी कशाला हवी होती गं?" हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले. "सगळ्यांना बोलाव. जोश्यालाही बोलाव. इतकी वर्षं चुकीचं सांगितलं लोकांना, आता दुरुस्त करायला हवं."

ती त्यांची शेवटची टूर. त्या दिवशी त्यांनी चूक कबूल केली ती एखादं बक्षीस मिळाल्यासारखी, सगळ्यांना कमरेवर हात ठेवून उभं केलं, आणि जाताना बिल्ला काढून लिंडाच्या तळहातावर ठेवला. लिंडाचाही हात त्यांनी उलटा करून बघितला. "Good veins," म्हणाल्या.

मुलगा त्यांना क्युपर्टिनोला न्यायला आला. "तिकडे सगळे कीबोर्डवाले," मावशींची कुरकुर चालू होती, "हात बघण्यासारखे नसणार." विमानतळावर आधी ठरवलेली व्हीलचेअर आली. मावशींनी तिच्यावर आपली पर्स ठेवली. "हिला बसवा. मी उभी राहीन." मग माझा हात घेतला, उलटा केला, अंगठ्यानं तीच शीर शोधली आणि थोपटली. "अजून चांगली आहे. पाणी पीत जा," एवढंच म्हणाल्या. मी वाकून पाया पडले तेव्हा त्यांचे पांढरे शूज मला धूसर दिसत होते.

सिक्युरिटीची रांग लांबलचक होती. मुलगा सामानात गुंतला होता, मागचे लोक घाईत होते. मावशी माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. डाव्या हातात काठी, उजवा हात कमरेवर, कोपर बाहेर. एका उंच माणसाला पुढे जायचं होतं. त्यानं एकदा त्या कोपराकडे बघितलं आणि तो मागेच थांबला.