घाबरलेल्यांची यादी

आमची ही गेल्यापासून नात बोलायची बंद झालेली. दहा वर्षांची पोर, आजीच्या कुशीत झोपणारी. एकदा मी दूध घेऊन आलो तर नात गॅलरीच्या कठड्यावर वाकलेली. चौथा मजला. हाक नाही मारली, दचकली असती. मागून जाऊन धरली. तेव्हापासून गॅलरीला कुलूप आणि किल्ली माझ्या बंडीच्या खिशात.

मुलाला-सुनेला सांगितलं. दोघं रडली, आणि दुसऱ्या दिवशी घोडबंदर रोडला कामावर गेली. न जाऊन करतील काय? पहारा माझा.

शाळेत दर मंगळवारी समुपदेशक बाई यायच्या, पोरांना बोलतं करायच्या. नात त्यांच्यापाशी दोन शब्द बोलायला लागलेली. दिवाळीनंतर बाई आल्याच नाहीत. हेडबाई म्हणाल्या, "त्यांच्या पगाराचा निधी बंद झाला, आजोबा. ठाण्याच्या शिक्षण खात्याच्या ऑफिसात जाऊन सांगा."

गेलो. साहेब म्हणाले, "गरज आहे ना? मग त्रास असलेल्या मुलांची नावं लिहून आणा."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या गेटवर वही घेऊन उभा राहिलो. एक आई फणकारली, "माझी पोरगी काय वेडी आहे? उद्या लग्नाला आडवं येईल. तुमच्या नातीचं लिहा की!"

माझाही हात चालेना. मी चौथी शिकलेला, पण कागदावर चढलेलं नाव उतरत नाही एवढं कळतं.

मग माझंच नाव लिहिलं. पुढे लिहिलं, मला भीती वाटते.

ती आई वहीत डोकावली. "हे चालतं होय? मग माझं लिहा. पोरगी बाथरूममध्ये गेली की मी दाराशी उभी असते."

शाळा सुटेपर्यंत पान भरलं.

साहेबांनी ते बघितलं. "अहो, ही तर मोठ्यांची नावं!"

"हो. पोरांची पाहिजेत तर आधी बाई पाठवा."

"बघतो," म्हणाले. कागद फायलीत गेला.

काल मंगळवार. सकाळी नात आपणहून माझ्यापुढे वेणी घालून घ्यायला बसली. आधी आजीपुढे बसायची, आता माझ्या वाकड्या वेणीवर भागवते. मंगळवारी तेवढी लवकर बसते. बाई येतील असं अजून वाटतं तिला.

शाळेतून आली. बाई कालही आल्या नव्हत्या. दप्तर ठेवलं आणि गॅलरीच्या कुलपाकडे बघत उभी राहिली.

मी खिसा चाचपला. किल्ली होती.