हवेच्या वाटेत देवी

“मॅडम, तुमी मला गाडी दिलीय का शेगडी?”

म्हात्रेंनी हेल्मेट माझ्या टेबलावर आपटलं. प्रश्न कंपनीला होता, पण टेबल माझं होतं. नवी मुंबईत, पावण्याच्या एमआयडीसीत आमचं मोटरसायकल सर्व्हिस सेंटर आहे आणि तिथे मी सर्व्हिस ॲडव्हायझर आहे. ॲडव्हाइस फारसा द्यावा लागत नाही. कस्टमर ओरडतो ते ऐकायचं, त्यातून शिव्या वजा करायच्या आणि उरेल ते मेकॅनिकला सांगायचं. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि कमी बोलते. मॅनेजमेंटच्या मते यातला दुसरा गुण जास्त उपयोगाचा आहे.

किरण म्हात्रे उलव्याचे. जेसीबी आणि डंपर भाड्याने देतात. दारात मोठी एसयूव्ही असताना त्यांनी हौसेने नवी बाईक घेतली आणि ती तापायला लागली. उलव्याहून बेलापूरला येईपर्यंत उजवा पाय भाजायचा. फ्लायओव्हर चढताना इंजिनातून टकटक आवाज यायचा. आता तर ती सिग्नलला बंद पडली होती. तिथे जमलेल्या तज्ज्ञांनी इंजिनावर बाटलीभर गार पाणी ओतायला सांगितलं. म्हात्रेंनी ऐकलं नाही हे नशीब. तापलेल्या धातूवर एकदम गार पाणी पडलं तर त्याला तडा जाऊ शकतो, आणि मग तज्ज्ञ सिग्नल सुटल्यावर निघून जातात.

गाडी आमच्याकडे याआधी दोनदा येऊन गेली होती. दोन्ही वेळा आमचा निष्कर्ष होता ‘नो ट्रबल फाउंड’. म्हणजे गाडीत काही नाही, तुमच्यात असेल.

“या रविवारी आईला घेऊन कार्ल्याला जायचंय,” म्हात्रे म्हणाले. “एकवीरेला. घाटात बंद पडली तर?”

“सर, एसयूव्ही आहे ना तुमच्याकडे?” मी विचारलं.

“आईचा नवस हाय. किरनची नवी फटफटी आली का तिच्यावरच बसून येन, असं बोललीय ती देवीला. आता देवीला काय सांगू, गाडी सर्व्हिसिंगला हाय?”

आमच्या ट्रेनिंगमध्ये नवसाचा चॅप्टर नाही.

इथे थोडं इंजिनाबद्दल सांगायला हवं. कारच्या इंजिनाभोवती पाणी खेळवलेलं असतं, ते उष्णता घेऊन रेडिएटरकडे जातं. या बाईकला रेडिएटर नाही. ती एअर-कूल्ड आहे. इंजिनाच्या वरच्या भागाला एकावर एक रचल्यासारख्या धातूच्या पातळ पट्ट्या दिसतात ना, त्या फिन्स. शोभेसाठी आहेत असं बऱ्याच लोकांना वाटतं. गाडी पळते, समोरून वारा येतो, फिन्समधून जातो आणि उष्णता घेऊन जातो. सगळी व्यवस्था एवढीच. वारा मिळाला नाही तर ऑइल पातळ होतं, पेट्रोल नको त्या क्षणी पेट घेतं, टकटक सुरू होते. तरीही तशीच दामटली तर पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो. याला आम्ही ‘सीझ’ म्हणतो. घाटात, मागे आई बसलेली असताना, मागचं चाक एकाएकी जाम होणं म्हणजे काय, ते समजावायला इंजिनिअर लागत नाही.

आमचे वर्क्स मॅनेजर नाडकर्णी सर केबिनमधून बाहेर आले. केबिनमध्ये एसी आहे, त्यामुळे ते सहसा येत नाहीत.

“रायडिंग हॅबिट,” ते म्हणाले. गाडीकडे पाहायच्या आधी.

“म्हंजे?” म्हात्रे.

“म्हणजे क्लच दाबून चालवता का? लो गिअर? आणि आपल्याकडचं क्लायमेट...”

“सायब, क्लायमेट तर सगल्यांनाच सारखा हाय. माझीच का तापते?”

सरांनी दोन सेकंद विचार केला. “मग इंजिन खोलू. हेड, पिस्टन, सगळं बघू. पार्ट्स मागवावे लागतील. रविवार विसरा.”

म्हात्रे हेल्मेट उचलून बाहेर जाऊन उभे राहिले. ओरडणारा कस्टमर गप्प झाला की मला जास्त भीती वाटते. मी सरांना म्हटलं, “सर, खोलायच्या आधी एकदा बेसिक चेक करू?”

“करा. उद्या संध्याकाळपर्यंत. मग खोला.”

म्हणजे नवं कोरं इंजिन वाचवायला मला एक दिवस मिळाला.

गाडी बबनदादांच्या रॅम्पवर गेली. बबनदादा आमचे सीनिअर मेकॅनिक, साताऱ्याकडचे. आम्ही ऑइल बघितलं. लेव्हल बरोबर, ग्रेड बरोबर. फिन्समध्ये चिखल नव्हता. व्हॉल्व्हचं सेटिंग, पेट्रोलचं प्रमाण, चेनचा ताण, सगळं जागेवर. ब्रेक धरून राहत नव्हता. ब्रेक थोडा जरी धरून राहिला तरी इंजिनाला जास्त राबावं लागतं, म्हणून तोही बघायचा असतो. बबनदादा टेस्ट राइड मारून आले. मी इन्फ्रारेड थर्मामीटर इंजिनावर धरला, कोविडच्या काळात लोकांच्या कपाळावर धरायचे तसला. आकडा अगदी शहाण्यासारखा.

“काय नाय हो हिला,” बबनदादा म्हणाले. “म्हात्रेशेटलाच गरम होत असंल.”

मी टेबलावर येऊन चहा प्यायला लागले. समोरच्या कपाटावर, स्वच्छ फडक्यावर, एकवीरा आई ठेवली होती.

ही देवी म्हणजे म्हात्रेंच्या गाडीची पाटी. तुर्भ्याच्या कुठल्यातरी फॅब्रिकेशनवाल्याकडून खास बनवून घेतलेली, स्टीलची, लेझर कटिंग केलेली. मधोमध देवीचा मुखवटा, खाली ‘एकवीरा आई प्रसन्न’, कडेने लाल एलईडी. पायांपुढच्या क्रॅश गार्डच्या दोन्ही नळ्यांना नटबोल्टने बसवलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गाडी आत आली की बबनदादा पहिलं काम करायचे ते पाटी काढण्याचं. कारण पुढे वॉशिंग, डिझेल, ग्रीस, बुटाचे पाय. देवीला कुणी रॅम्पवर ठेवत नाही. पाटी निघायची, फडक्यावर ठेवली जायची, बबनदादा हात धुऊन तिला नमस्कार करायचे, कुणीतरी उदबत्तीही लावायचं. मग सर्व्हिस, मग टेस्ट राइड. म्हात्रे गाडी न्यायला आले की पाटी पुन्हा जागेवर.

अर्धा कप झाल्यावर माझ्या डोक्यात एक वाक्य तयार झालं. देवी माझ्या कपाटावर असते तेव्हा गाडी थंड असते. देवी गाडीवर असते तेव्हा गाडी तापते.

हे वाक्य मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं.

पाटी बरोबर इंजिनाच्या समोर यायची. वाऱ्याची वाट पार बंद. आम्ही सगळ्यांनी ती प्रत्येक वेळी पाहिली होती, तिला हात जोडले होते आणि एकानेही ती धातूचा पत्रा म्हणून पाहिली नव्हती. आणि वाऱ्याला हात जोडता येत नाहीत.

“बबनदादा, पाटी लावून एक राइड मारू या,” मी म्हटलं.

“टेस्ट राइडला देवी? बूट घालून? मी नाय बा.”

मग मीच गेले. बूट घालून. मनातल्या मनात माफी मागून. ठाणे-बेलापूर रोडवर ट्रक, कंटेनर आणि खड्डे यांच्यामधून तुर्भ्यापर्यंत जाऊन आले. परतताना उजवी पोटरी भाजत होती आणि इंजिन टकटक करत होतं. इतका आनंद मला फार कमी वेळा झाला आहे. थर्मामीटरचा आकडा बघून बबनदादांनी चष्मा पुसला आणि परत बघितला.

नाडकर्णी सरांनाही तो आकडा बघायला लावला.

“आणि रिपोर्टमध्ये काय लिहिणार?” त्यांनी दार लावून घेत विचारलं. “देवीमुळे इंजिन तापतं? व्हायरल व्हायचंय का आपल्याला?”

“पत्र्यामुळे, सर.”

“तो पत्रा आहे हे त्यांना कोण सांगणार?”

मी गप्प बसले. ती चूक झाली.

“तुम्हीच सांगा. लेडीज आहात, सॉफ्टली सांगाल. मी केबिनमध्ये आहेच.” केबिनमध्ये ते नक्कीच असणार होते, याबद्दल मला शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी म्हात्रे आईला घेऊनच आले. हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर, आणि सगळीकडे एकदा नजर फिरवून सगळं नापसंत केल्याचा चेहरा. आमच्या रिसेप्शनचा एसी बंद आहे, त्यामुळे त्यांना पेडेस्टल फॅनसमोर खुर्ची दिली. मी सकाळपासून वाक्य पाठ करत होते. इंग्लिशमध्ये ते छान होतं. एअरफ्लो, ऑब्स्ट्रक्शन, अनफॉर्च्युनेटली. मी इंग्लिश मीडियमची. घरी मराठी बोलते, पण घरी कुणाची देवी हलवायची वेळ येत नाही. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले,

“काकी, ती देवी मध्ये येतेय.”

पाना पडल्याचा आवाज आला. बबनदादांच्या हातातला असावा.

“कोनाच्या मधी येते?” काकींनी शांतपणे विचारलं. “माझी आई कोनाच्या मधी येते?”

“मॅडम, काय बोलताय तुमी?” म्हात्रे खुर्चीवरून उठले.

“तसं नाही, सर. म्हणजे ती काढली तर...”

“काढली तर?”

प्रत्येक शब्द आधीच्यापेक्षा वाईट निघत होता. मी हाताने फिन्स दाखवायला लागले. केबिनच्या काचेमागे सर फोनवर बोलत होते. फोन उलटा धरला होता असं मी म्हणणार नाही, पण स्क्रीन काळी होती.

काकींनी पदराने मानेवरचा घाम पुसला. “आधी बाजूला हो बाय. माझा सगला वारा अडवून उभी रायलीस. जीव उकडला माझा.”

मी बाजूला झाले. मग थांबले. मग पुन्हा फॅनच्या समोर जाऊन उभी राहिले.

“अगो, सरक बोलले ना!”

“काकी, हेच,” मी म्हणाले. “इंजिनाला असंच होतंय. त्याला वाऱ्याशिवाय दुसरं काही नाही. पाणी नाही, फॅन नाही. आणि पाटी त्याच्यासमोर आहे, मी आता उभी आहे तशी.”

नोकरी लागल्यापासून मी सलग एवढं बोलले नव्हते. काकी उठल्या, थेट रॅम्पपाशी गेल्या, वाकल्या आणि गाडी पुढून पाहिली. चाक. चाकामागे पाटी. पाटीमागे इंजिन. म्हात्रेंना दाखवायची म्हणून पाटी या वेळी गाडीवरच ठेवली होती, तिच्यावर कालच्या माझ्या राइडचे शिंतोडे. बबनदादांनी पुसायला घेतली होती, पण मध्येच पाना पडला होता.

“किरन्या.”

“काय गं आई?”

“आईला चाकाच्या चिखलान बसवलीस?”

“आई, समोर दिसाया नको? सगल्यांच्या गाडीला हाय.”

“दिसाया तुला का तिला? समोर चाकाचा चिखल, पाठीशी इंजिनाची धग! पंख्यासमोर दोन मिंटं ही पोर उभी रायली तर माझा जीव गेला. आनि ती आई बसलीय दिवसभर धगीला पाठ लावून!”

इंजिनाचं काय होतंय याच्याशी काकींना कर्तव्य नव्हतं. देवीला उकडतंय, एवढं त्यांना पुरलं. मी दुरुस्त केलं नाही. टेक्निकली दोन्ही म्हणणी एकाच जागी येऊन थांबत होती.

मग पाटी कुठे लावायची यावर चर्चा झाली. वातावरण निवळलेलं पाहून सर बाहेर आले आणि त्यांनी साइडला, सायलेन्सरच्या वर अशी जागा सुचवली. काकींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा फोनवर बोलू लागले. मागे लावावी तर तिथे काकींचीच पाठ. शेवटी काकी म्हणाल्या, “कुठं नको. रविवारी मी मांडीवर घेऊन बसन. वाऱ्यावर येल माझे संगती. घरी आलो का देवघरान ठेवायची.”

“आणि गाडीवर?” म्हात्रेंनी लहान मुलासारखं विचारलं.

“टाकीवर बारीकसा फोटो चिकटव. तिला दरवाजाएवढी पाटी लागत नाय.”

इंजिन खोलायचं रद्द झालं. बबनदादांनी बोल्ट काढले, पाटी दोनदा पुसली आणि काकींच्या हातात दिली.

रविवारी मला सुट्टी असते. खारघरच्या घरी मी दिवसभर फोन जवळ ठेवून बसले. आईने दोनदा विचारलं, कुणाचा येणार आहे? तिला वाटलं ते खरं असतं तर मी निदान केस तरी विंचरले असते. मला एकच चित्र दिसत होतं. खोपोलीनंतरचा चढ, मागे काकी, त्यांचे दोन्ही हात पाटीला धरलेले, आणि टकटक. पाटी काढून तापमान उतरतं हे मी सपाट रस्त्यावर पाहिलं होतं. दोन माणसं बसवून घाट मी चढले नव्हते.

दुपारी फोन वाजला. म्हात्रे. मागे घंटा आणि ढोलताशे.

“मॅडम.”

“सर, तापली का?”

“तापलीय ना. लय तापलीय.”

“बंद पडली? कुठे आहात तुम्ही?”

“गाडी नाय हो. गाडी एक नंबर, घाटान आवाज पन नाय केला. आई तापलीय! बोलते, कंबर गेली, असला कसला सीट देतान हे लोक? पायऱ्यांवर बसून तुमच्या कंपनीला शिव्या घालते. परत जाताना कारच पाठवून द्या बोलते.”

“नवस?”

“तो येतानाचा होता. फेडला.”

सोमवारी सरांनी रिपोर्ट लिहिला. ‘आफ्टरमार्केट ॲक्सेसरीमुळे एअरफ्लोला अडथळा. कस्टमरचं यशस्वी काउन्सेलिंग केलं.’ कोणी केलं ते लिहिलं नव्हतं, पण सही त्यांची होती. मंथली मीटिंगमध्ये या केसवर त्यांनी स्लाइड्सही दाखवल्या. त्यात फॅनचा फोटो होता.

यातून मी शिकले ते एवढंच. गाडी जशी येते तशीच चालवून बघायची. आधी धुवायची, पुसायची, अंगावरचं सगळं उतरवायचं आणि मग काय बिघडलंय ते शोधायचं, असं केलं की काहीच बिघडलेलं सापडत नाही.